रुमालाखाली

जालना रोडवरच्या शोरूमच्या दारात अप्पांनी चपला काढल्या.
"राहू द्या बाबा," दरवान म्हणाला.
"फरशी बग की, ताटासारखी हाय."
मी सँडलसकट आत गेले
आणि दिवसभर ते मला टोचत राहिलं.

तीन महिने आकडे जमवत होते मी.
पुण्याचं कोटेशन, नाशिकचं कोटेशन.
लातुरात क्लास सुटला की
फळ्यावरचं हृदय पुसायच्या आधी
त्याच्या डाव्या कप्प्यात लिहून बघायचे:
चौसष्ट लाख, वजा कॉर्पोरेट, वजा जुनी गाडी,
वजा ते विम्यात लपवतात ते.

"साहेब मागून येतायत का?"
फैजान सिद्दिकी, सेल्स मॅनेजर, कोरलेली दाढी.
साहेब नाहीत, म्हटलं. मी आहे.
आणि हे मन्मथअप्पा, माझे वडील,
चाळीस वर्षं हंडरगुळीच्या बाजारात
बैलांचे सौदे जुळवलेत यांनी.
तो हसला. कॉफी आली, वर दुधाचं पान काढलेलं.
अप्पांनी ते पान फुंकून कडेला लावलं.

फैजानने स्क्रीनवर त्याचा आकडा दाखवला.
मी माझा सांगितला.
त्याने छताकडे पाहिलं, कंपनी तिथेच राहत असावी तसं.
"एवढं मार्जिनच नसतं, मॅडम."
फार तर मॅट, मड फ्लॅप, एक छत्री.

अप्पा तोवर गाडीला फेरी घालत होते.
दात बघायला तोंड नव्हतं,
म्हणून मागून गेले, पुठ्ठ्यावर थाप मारली,
खाली वाकले, चाकाच्या वर आत हात घातला
आणि बोटावर कोळिष्टक घेऊन आले.
"किती दिस उभं हाय हे हितं?"
"नवीनच आहे बाबा, आत्ताच आलीये."
"लबाड बोलूलालास लेकरा.
हे जाळं काय आत्ताचं न्हाई.
उभ्या जनावराचे पाय आखडतेत."

फैजानने चेसिस नंबर टाकून पाहिला.
अकरा महिने.
एसीचा आवाज तेवढा राहिला.

तेव्हा अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
दोन कपांच्या मधे त्याच्या हातावर पसरला
आणि आपला हात आत सारला.
रुमालाखाली उंदीर फिरावा तसं काहीतरी हललं.
पोराचे कान लाल. तो माझ्याकडे बघायला लागला.
"बाबा, मला नाही कळत हे."
"आकडा मोठ्यानं बोलायचा नसतो.
दोघांचीबी आब ऱ्हाते."

मग त्याने काय करावं?
कागदावर काहीतरी लिहिलं, घडी केली
आणि ती रुमालाखाली सरकवली.
अप्पांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही.
घडी मी उघडली:
चार लाख ऐंशी कमी.
माझ्या हृदयातल्या आकड्यापेक्षा खाली.

आठ दिवसांनी गाडी घेऊन निघालो.
मांजरसुंब्याच्या धाब्यामागे चार्जरला लावली.
अप्पा केबलकडे बघत उभे राहिले,
हौदावर जनावर सोडल्यावर राहतात तसे.
"आवाज न्हाई, शेण न्हाई, हंबरणं न्हाई.
दुखणं आलं तर कळावं कसं?"
मी जीवशास्त्र शिकवते.
म्हटलं, मोबाईलवर मेसेज येतो.

आत बसल्यावर त्यांनी रुमाल माझ्या हातावर टाकला.
तीन बोटं दाबली. मग पूर्ण पंजा.
मग अंगठा मनगटापाशी,
नाडी बघतात तिथे, बराच वेळ.

बाजारात ही भाषा पोरांना मिळायची.
मी घरी गणितं सोडवत असायचे.
"काय म्हणालात, अप्पा?"
"काय न्हाई. किती भरली?"
"बासष्ट टक्के."
त्यांनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला.
"मग पी म्हनावं अजून. घाई न्हाई."